आजाऱ्याची भेट

सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझान एलिझर रोज दुपारी "आजाऱ्याला भेटून येतो" म्हणून निघायचे आणि अंगाला मासळीचा वास घेऊन परतायचे. कोण आजारी, असं विचारलं की विषय बदलायचे. त्यांच्या बायकोच्या, दीनाच्या मनात पाल चुकचुकली. आज ती मागोमाग कफ परेडच्या मच्छीमार नगरात पोचली. एका कोळिणीच्या ओट्यावर, जाळ्यांच्या ढिगाला टेकून नवरा गाढ झोपला होता.

"हा कोण लागतो तुमचा?" दीनाने आवाज चढवला.

"कोणी नाय. नाव पण ठाऊक नाय," कोळीण म्हणाली. "रोज येऊन झोपतो. घर नाय का, विचारलं, तर बोलला, आहे, पण तिकडे जो येतो तो आपलं दुःख मलाच सांगतो."


"हळू बोला," दीना पुटपुटली, "जाग येईल त्यांना."