लाल दोरा

माळावरच्या निळ्या फुलाचा कंद खायचा, पांढऱ्याचा विषारी. पण फुलं झडली की दोन्ही जुळ्या भावांसारखे. म्हणून आजी बहरातच पांढऱ्यांना लाल दोरा बांधायची आणि नंतर बाकीचे खणायची. या कामाला तिने लेकीलाही कधी हात लावू दिला नाही. यंदा दोरे बांधून झाले आणि झटका आला; हातपाय लुळे पडले, वाचा गेली.

"आई, तू खूण केलेले तेवढेच खणून आणले हं," म्हणत लेकीने उकडलेल्या कंदाचा घास पुढे केला. आजीने ओठ घट्ट मिटले. मग नातवंडांसाठी मांडलेल्या ताटल्या दिसल्या, तशी भांडं रिकामं करायच्या घाईने ती घासामागून घास गिळत सुटली.

लेक हरखली. "पोरांनो, पळत या! नाहीतर आजी तुम्हाला काही उरू द्यायची नाही."