जपानी हॉटेलातली दुपार

बाबांचा श्वास जड झालाय हे कळल्यापासून दिव्यानीला गावाकडची बस गाठायची होती. पण सकाळीच प्रणितदादा फोनवर म्हणाला, "बाबा बरे हायेत, उद्या ये," आणि मैत्रीण पुनम तिला बळेच चंद्रपुरातल्या नव्या जपानी हॉटेलात घेऊन आली. टेबलातच बसवलेल्या तव्यावर आचाऱ्याने भपकन जाळ उठवला, तशा सगळ्या मैत्रिणी किंचाळून हसल्या.

"काऊन तोंड पाडून बसली वं? घे, आमचा फोटो काढ," म्हणत पुनमने आपला फोन तिच्या हातात दिला.

त्याच फोनवर दादाचा मेसेज आला.



"बाबाले अग्नी देऊन झाला. त्याइले तिच्याच हातानं पाह्यजे होता, पन गावात हसं झालं असतं. तू अडवून ठेवलं, बरं झालं. आता सांग तिले."