बोर्डावरचे दाणे

पितांबरनं फोनच्या बोर्डावर बोटं टेकवली आणि पुन्हा एकदा फिरवून पाहिली. दाणे नव्हते. वरच्या ओळीत नाही, खालच्याही नाही. सगळा बोर्ड पाटीसारखा गुळगुळीत, आणि बोटांना लागलं ते कालच्या पूजेचं कुंकू.

धुळ्याच्या त्या सूतगिरणीत चौदा वर्षं तो फोन जोडत होता. जन्मापासून दिसत नव्हतं, पण जुन्या बोर्डावर त्यावाचून काही अडलं नाही. ज्या लाइनवर फोन येई तिचं झाकण टक्कन पडे, आणि पितांबरचा हात तिथं पोचलेला असे. पोळ्याच्या सुमारास नवा बोर्ड आला. सपाट चौकोनी बटणं आणि आत दिवे. घंटा सगळ्या लाइनींना एकच. बोर्ड बसवायला आलेल्या माणसाला पितांबरनं विचारलं, दर लाइनीला निराळा आवाज देता येईल का.

तो समजुतीनं म्हणाला, "आवाजाचं कामच काय? दिवा लांबूनसुद्धा दिसतो."

मॅनेजर लीलाधर पाटील माणूस भला. दसऱ्यापर्यंत बघू, म्हणाले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जळगावहून चेअरमन स्वतः फोन करतील, तो नीट जोडला तर ही खुर्ची तुमचीच. मग पितांबरनं घरून मूठभर दादर ज्वारी आणली आणि जेवणाच्या सुट्टीत दर बटणावर एकेक दाणा डिंकानं चिकटवला. घंटा झाली की वरच्या ओळीतल्या बाहेरच्या चारही लाइनी ओळीनं दाबून पाहायच्या, माणूस बोलेल ती खरी. वेळ लागे, पण जमे. नव्या यंत्राला डिंक लावला म्हणून बोलणी बसली असती, तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. काल, दसऱ्याला, तो धरणगावला बहिणीकडे गेला होता.

कौतिक शिपाई चहा घेऊन आला. आवाजात नुसता आनंद.

"भाऊ, काल पह्यला हार तुमना बोर्डले घाला. बठ्ठा पुसी काढा. दादरना दाना चिटकेल व्हतात, उंदीरस्ना कारभार. अन्न शे, फेकं नई, चिमण्यास्ले टाकी दिधं."

पितांबरला हसावं की रडावं कळेना. नऊ दिवस उपास करून, अनवाणी राहून, ह्या भक्तानं त्याच्यासाठी पूजा मांडली होती, सगळा बोर्ड पुसून दाणे चिमण्यांना घातले होते. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पितांबरनं चहाचा कप बाजूला सरकवला.

घंटा झाली. चेअरमनांची हीच वेळ. बोर्डाच्या कडेपासून त्यानं बोटांनी अंतर मोजलं आणि दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. तिसऱ्यांदा चेअरमन सापडले आणि मॅनेजरांना द्या म्हणाले. मॅनेजरांचं बटण खालच्या ओळीत सातवं. त्यानं अंगठ्याच्या मापानं अदमास घेतला. कानात भांड्यांचा खणखणाट आला आणि कॅन्टीनच्या पुष्पाबाईंनी चेअरमनांना विचारलं, किती कप पाठवू? त्यानं घाईनं शेजारचं दाबलं. लाइन तुटली.

थोड्या वेळानं लीलाधर पाटील आले.

"पितांबरभाऊ, तुमच्या अंधशाळेत वेत विणायला शिकवत असत ना? आपल्या ऑफिसच्या खुर्च्या पार उसवल्या आहेत. उद्यापासून त्या बघाल?"

पितांबर हो म्हणाला. वेतानं चिरलेली बोटं घेऊन तो शाळेत किती रात्री रडला होता, आणि फोनची नोकरी लागली तेव्हा आता जन्मात वेताला हात लावायचा नाही म्हणून त्यानं सगळ्या पोरांना पेढे वाटले होते, ते आता सांगून काय उपयोग होता?

ते गेले आणि पुन्हा घंटा झाली. पितांबरचा हात सवयीनं उचलला गेला. कौतिकनं तो मनगटापाशी हळूच धरला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. दिवा माले दिसस. मी दाबस."

आणि त्यानं पहिल्याच फटक्यात बरोबर बटण दाबलं. पितांबरनं हात मांडीवर ठेवला. खिडकीबाहेर चिमण्यांचा कलकलाट चालला होता. दाणे अजून संपलेले नव्हते.