पहिल्यापासून

टक्. टक्. टक्.

घर अगदी गप्प होतं, त्यात शेगडीच्या खटक्याचा तेवढा आवाज. ठिणगी पडत होती, पण ज्योत धरत नव्हती. नुआरा पुन्हा खटका दाबणार, तोच ओट्यावर बसलेल्या लेकीनं, विसालनं, तिचं मनगट धरलं.

"यम्मा, थांब! बंद कर. खिडकी उघड. आधी गाणं."

नुआरानं गॅस बंद केला, खिडकी उघडली. समुद्राकडचा वारा आत आला. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. रोजा सोडायची वेळ झालीच होती. शोरबा तयार होता, नुसता गरम करायचा होता. डबा भरून तिला इस्पितळात जायचं होतं, नवऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्या झुबीरच्या आईकडे.

गाणं लखदरचं, नुआराच्या नवऱ्याचं. खाडीपलीकडच्या कारखान्यात तेल तापवायची गॅसभट्टी त्याच्या ताब्यात. भट्टी विझली की तिच्या पोटात गॅस साचून राहतो. तो आधी वाफेनं हाकलायचा, मगच ठिणगी. घरच्या शेगडीलाही त्यानं तोच नियम लावला होता, फक्त वाफेच्या जागी खिडकीचा वारा. आणि पोरीला थांबायला शिकवायचं म्हणून गाणं रचलं होतं. तीनदा म्हणायचं, सावकाश. कुणी घाई केली, शब्द खाल्ला, की पहिल्यापासून.

*वाऱ्या वाऱ्या, दार उघडं,*
*नको ते घेऊन जा,*
*समुद्रावर सोडून ये,*
*मग आमच्यात बसून खा.*

नुआरा भरभर म्हणत सुटली. विसाल मध्येच थांबली.

"यम्मा, समुद्र गिळलास तू!"

"अगं, उशीर होतोय. ती माउली सकाळपासून उपाशी बसलीय तिथं."

विसालनं गाल फुगवले, बापासारखा जाड आवाज काढला. "'शोरबा थांबतो बाईसाहेब, आग थांबत नाही.' चल, पहिल्यापासून."

एरवी अशा वेळी बाहेरच्या खोलीतून लखदरचा आवाज गाण्यात मिसळायचा, मुद्दाम बेसूर, पोरीनं चिडावं म्हणून. आज मिसळला नाही. तो भिंतीला टेकून बसला होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर, समोर खजुरांची बशी.

"झुबीर शुद्धीवर आला का गं?" त्यानं तिथूनच विचारलं.

"नाही."

त्यानं श्वास सोडला. तो दुःखाचा होता की सुटकेचा, हे नुआराला कळलं नाही. जाणून घ्यायची तिची हिंमतही नव्हती.

उद्या भट्टीच्या स्फोटाची चौकशी होती. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: पोरगं तरणं, त्यात उपाशी, घरी पळायची घाई, भट्टी पुन्हा विझली तर यानं वाफ न सोडताच पेटवली, तीही भट्टीच्या झरोक्यासमोर उभं राहून. लखदर तसं म्हणाला नव्हता. तसं नाही, असंही म्हणाला नव्हता.

काल इस्पितळाच्या व्हरांड्यात झुबीरच्या आईनं नुआराचे दोन्ही हात हातात घेतले होते.

"माफ कर गं लेकी. माझ्या पोराच्या घाईपायी तुझ्या माणसाचा हात भाजला."

नुआरानं डब्याचं झाकण काढलं होतं. "गरम आहे तोवर खा, मावशी," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

भट्टीवर लखदरनं 'हं' म्हटल्याशिवाय ठिणगी पडत नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं. आणि स्फोट झाला त्या संध्याकाळी, त्याच्या थोडं आधी, त्याचा फोन आला होता. "परत विझली बघ ही बया. तू शोरबा ठेव गॅसवर, बांगेच्या आत पोचतो." ती हसली होती. "आज तरी ये वेळेवर," म्हणाली होती. बांग व्हायला तेव्हा थोडाच अवकाश होता. तेवढ्यात कारखान्यातून घरी जेमतेम पोचता येतं. वाफ सोडून, थांबून, भट्टी पेटवून पोचता येत नाही.

"यम्मा, म्हण ना."

ती म्हणू लागली. सावकाश, एकेक शब्द. विसाल तिच्या ओठांवर डोळे रोखून बसली होती, सुटला शब्द की पकडायचा म्हणून. दुसऱ्यांदा म्हणताना मशिदीतून बांग आली. वरच्या मजल्यावर भांडी वाजली, कुणीतरी खुर्ची ओढली. विसाल थांबली नाही. नुआराही थांबली नाही. बाहेर लखदरनं खजूर उचलला. तो बोटांत तसाच राहिला.

तिसऱ्यांदा गाणं संपलं.

"आता," विसाल म्हणाली.

टक्. निळी ज्योत गोल पसरली. नुआरानं पातेलं वर ठेवलं, डबा पुसायला घेतला. विसाल ओट्यावर पाय हलवत ज्योतीकडे बघत राहिली.

"यम्मा, झुबीरकाकानं घाई केली ना? सगळे म्हणतात."

नुआरा शोरबा ढवळू लागली.

"आणि बाबा तिथंच होते ना?"

बाहेर बशीत खजूर परत ठेवल्याचा आवाज आला.

"मग बाबा त्याला 'पहिल्यापासून' का नाही म्हणाले?"