चालण्याचा धडा

जपानमधली नोकरी पक्की झाली आणि त्याच आठवड्यात तो परांचीवरून पडला. तरी त्याने जपानीची शिकवणी सोडली नाही. सरच वॉर्डात येऊ लागले.

"पायांत पुन्हा जीव येणार नाही म्हणालेत डॉक्टर. ह्यांना सांगितलेलं नाही," बायकोने सरांना दाराशीच बजावलं.

त्या दिवशी नेमके चालण्याचे शब्द होते. सर घाईने पान उलटू लागले, तसा त्याने त्यांचा हात धरला. "घ्या ना, सर."

"आरुकु म्हणजे चालणे. सांपो म्हणजे फेरफटका." सर अडखळले. "तोहो म्हणजे पायी."

तो एकेक शब्द मोठ्याने घोकत राहिला. बायको पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाला, "मला सगळं ठाऊक आहे, सर. पण मी शिकताना दिसलो, की तिच्या घशाखाली दोन घास उतरतात."