हुंकार

संजनाने आज स्पीकर लावलाच नाही.

समोरच्या खोलीत सतरंजीवर सगळे येऊन बसले होते. मोबाइलच्या दुकानात कामाला असलेली तृप्ती, टॅक्सी चालवणारा लखन, आणखी दोघी-तिघी. पंचवटीतला हा इंग्रजी बोलायचा क्लास मोहिनीचा, संजनाच्या थोरल्या बहिणीचा. गणपती उठले त्याच आठवड्यात मोहिनी तापाने गेली. शिकणाऱ्यांचं अर्धवट राहू नये म्हणून संजना तिचे मोबाइलवर रेकॉर्ड केलेले धडे स्पीकरवर ऐकवायची आणि मग उजळणी घ्यायची. काल जाताना तृप्तीने हळूच सांगितलं, की ताई, धडा आता तुम्हीच घ्या. गेलेल्या माणसाचा आवाज कानात राहतो, घरी गेलं तरी झोप लागत नाही.

संजनाला तरी कुठे लागत होती. घरात आता दोघीच, ती आणि आई. धडा सुरू झाला की आई आतल्या दाराशी वाती वळत बसायची. मोहिनी एकेक वाक्य म्हणायची, त्याला प्रश्नाचं शेपूट लावायची आणि उत्तरासाठी थांबायची. वाक्यं घरातलीच. 'मदर हॅज टेकन हर टॅब्लेट, हॅजन्ट शी?' त्या थांबण्यात आई म्हणायची, यस, शी हॅज. आणि खरोखर गोळी घ्यायची. ऐकून ऐकून आलेलं तेवढंच तिचं इंग्रजी. कहाणी सांगणाऱ्याला हुंकार द्यावा, बोलणाऱ्याला एकटं सोडू नये, असं मानणारी ती बाई.

बाकी दिवसभर गप्प. आई, जेवतेस ना? आई, बरं वाटतंय ना? संजना विचारत राहायची. आईकडून तिला मात्र हूं की चूं नाही.

आज संजना स्वतः फळ्यापाशी उभी राहिली. आपण आपलं म्हणणं सांगतो आणि समोरच्याने हो म्हणावं म्हणून शेवटी विचारतो, असं तिने समजावलं. वाक्य होकाराचं तर शेपूट नकाराचं, वाक्य नकाराचं तर शेपूट होकाराचं. एवढी उलटापालट कशाला, लखनने विचारलं, आपलं एक 'ना' लावलं की भागतं.

"लखनभाऊ, वहिनींना विचारा भागतं का ते," तृप्ती म्हणाली.

सगळे हसले. त्या खोलीत कोणी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

त्या हसण्याने संजनाला धीर आला. 'इट इज कोल्ड इन नाशिक, इझन्ट इट?' 'लखन डझन्ट लाइक होमवर्क, डझ ही?' उत्तरं एका सुरात येऊ लागली. दाराशी वातींवरचा हात थांबला होता, पण तिने तिकडे पाहिलं नाही. पुढचं वाक्य तिच्या तोंडून आपसूक निघालं. बोलून गेल्यावर तिला कळलं, की शेवटचा हेल आपला नव्हता.

"मदर हॅज टेकन हर टॅब्लेट, हॅजन्ट शी?"

सतरंजीवरून कोणी उत्तर दिलं नाही.

"यस, शी हॅज."

आतल्या दाराशी गोळीच्या पाकिटाची चांदी फुटली. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतल्याचा आवाज आला. तृप्ती वहीत बघत राहिली.

क्लास लवकर सुटला. संजना आत आली तर आई उठून उभी होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडाकडे पाहत होती. तिने पदराने संजनाचं कपाळ पुसलं, मग गाल.

"दमलीस ना, मोहिनी?"

आपण कोण ते सांगायला संजनाने तोंड उघडलं. पण पदर अजून गालावर होता, आणि आई बोलत होती.

"हो, आई," ती म्हणाली.

आईने तिच्या खांद्यावरून बाहेर रस्त्याकडे पाहिलं. दिवे लागले होते.

"संजना अजून आली नाही ना गं?"

"येईल," संजना म्हणाली, आणि फळीवरून तीन ताटं काढली.