माहेरचं मैदान

"इथं गोल झाला तरी कुणी नाचायचं नाही," सामन्याआधी डिटमारनं आपल्या पोरांना बजावलं होतं. "या क्लबनं मला घडवलंय."

जर्मनीतल्या त्या छोट्या गावचं मैदान म्हणजे त्याचं माहेर. मधल्या फळीत तो वर्षानुवर्षं इथंच खेळला. आज मात्र तो पाहुण्या संघाचा प्रशिक्षक होता, आणि माहेरचा संघ हरला तर खालच्या श्रेणीत घसरणार होता.

बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला त्याच्या संघानं गोल मारला. डिटमारनं अंगातला कोट भिरकावला आणि मुठी उंचावत तो मैदानाच्या कडेनं धावत सुटला.

बरंच पुढं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आपण एकटेच नाचतोय. गोल मारणाऱ्यासकट त्याची सगळी पोरं माना खाली घालून मुकाट आपापल्या जागी परतत होती. गर्दीतून कुणी साधी शिवीही दिली नाही.

तो मागं फिरला. कोट यजमानांच्या बाकापुढं पडला होता. एके काळी त्याची जर्सी धुणाऱ्या म्हाताऱ्या उर्सुलानं तो उचलला, झटकला आणि त्याच्यापुढं धरला.

"घाल बाबा. वारं गार सुटलंय."

तिच्याकडं न बघता तो हात घालत राहिला. बाही काही सापडेना.